माघातली झडी

तडा बुजवणे ही दोन तासांची गोष्ट आहे, असे जयराम मास्तरांनी त्या रविवारी सकाळी चहाच्या दुसऱ्या घोटाला जाहीर केले. जाहीर म्हणजे फक्त पत्नीपुढे, नीरजाबाईंपुढे. कारण तो तडा हे त्या घरातले सर्वांत जपलेले गुपित होते.

"दोन तास!" मास्तर म्हणाले. "पहिला मिश्रणाचा, दुसरा लेपनाचा. अकरा वाजता मी आंघोळीला मोकळा!"

"रहाटाचा खिळा बसवायलाही तुम्ही दोनच तास म्हणाला होतात," नीरजाबाई म्हणाल्या. "चार दिवस वाडीच्या विहिरीवरून पाणी आणलं मी."

"तो खिळा होता, नीरजा. हे काँक्रीट आहे!"

काँक्रीट हा शब्द मास्तर असा उच्चारीत, की ऐकणाऱ्याने हातातले काम खाली ठेवावे. त्याला कारणही होते. मिठबावच्या त्या वाडीतली सारी घरे तांबड्या चिऱ्याच्या जोत्यांवर उभी होती. काँक्रीटच्या पायावर आणि काँक्रीटच्या जोत्यावर उभे असलेले घर एकट्या मास्तरांचे. एकोणीसशे त्र्याऐंशी साली पाया भरण्याच्या मुहूर्तावर, जमलेल्या मंडळींच्या हातात खोबऱ्याचा प्रसाद पडण्यापूर्वी, त्यांनी पंचवीस मिनिटांचे भाषण केले होते. 'चिऱ्याचे युग संपले' हे त्यातले पहिले वाक्य होते आणि शेवटचेही. मधल्या अवधीत मुंग्यांनी प्रसादाचे ताट शोधून काढले होते.

त्या मंडळींत दाजी गवंडी होते. वाडीतल्या बहुतेक जोत्यांचे चिरे त्यांच्या हातचे. भाषण संपेपर्यंत ते जमिनीकडे बघत राहिले आणि मग एवढेच म्हणाले, "मास्तरांनू, जागा उताराची, भराव नवो. एक पावसाळो बसांदे तेका. मगे वर कायव घाला, काँक्रीट घाला नायतर सोन्याचो पत्रो!"

वर्गात मनापासून चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहून मास्तर जसे हसत, तसे ते तेव्हा दाजींकडे पाहून हसले होते.

भराव काही भाषण ऐकून बसला नाही. तो आपल्या सवडीने बसला. दुसरा पावसाळा सरला, दिवाळी आली, आणि रस्त्याकडच्या कोपऱ्यात, पायरीच्या मुळापासून एक रेघ निघाली. आधी केसाएवढी, मग दोऱ्याएवढी; माघ लागेपर्यंत तिच्यात आठ आण्याचे नाणे उभे राहिले असते. सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यात सावली भरे, आणि कधीच न पाठवलेल्या पत्राची घडी असावी तशी ती मास्तरांना दिसे. नीरजाबाईंना ती तड्यासारखी दिसे.

चार महिने मास्तरांनी तो तडा आपल्या देहाने झाकला. रस्त्यावर पावलांचा आवाज आला, की ते हातातले पुस्तक टाकून धावत आणि कोपऱ्याला पाठ टेकून उभे राहत. तेथूनच ते हवापाण्याच्या गोष्टी करीत, तेथूनच निरोप घेत. पाहुणा वळणाआड गेल्याशिवाय ते तेथून हलत नसत. पाय दुखत, पण अब्रू उभी राही.

मग आता एवढी घाई कशासाठी? तर येत्या रविवारी अप्पा येणार होते. हायस्कूलच्या कमिटीचे अप्पा हे अध्यक्ष. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बाजारपेठेत, त्यांचे दुकान. शाळेला तीन नवे वर्ग बांधायचे होते, आणि त्यांचा पाया दाजींनी चिऱ्याचा घालायचा, की बाहेरचा कंत्राटदार आणून काँक्रीटचा, एवढेच ठरायचे राहिले होते. मास्तर विज्ञान शिकवीत. मास्तर काँक्रीट म्हणत. अप्पांचा कल तिकडेच होता. "फकत एकदा तुमचा जोता माज्या डोळ्यांनी बघतंय," ते म्हणाले होते, "आणि सांगान टाकतंय."

दाजी या विषयावर काहीच बोलले नव्हते. पण त्यांचे वय सत्तरीला टेकले होते, ओळंबा धरताना उजवा हात हलू लागला होता, आणि 'हात थांबाच्या आधी एक शाळा बांधून ठेवूक व्हयी' हे त्यांचे वाक्य वाडीत सर्वांना पाठ होते. मास्तरांनाही होते. ते वाक्य रात्री अंथरुणावर त्यांच्या कुशीला खड्यासारखे बोचे. भराव बसायला हवा होता, दाजींचेच खरे होते, हे त्यांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि कबूल करणे यांच्यामध्ये मास्तरांच्या बाबतीत पंचवीस मिनिटांचे एक भाषण आडवे पडले होते.

तेव्हा, दोन तास!

माळ्यावर सिमेंटची अर्धी गोण होती. परमिटवर मिळालेली, म्हणून प्राणापलीकडे जपलेली. मास्तरांनी ती खाली ओढली, तेव्हा ती धप्पकन न पडता ठण्णकन पडली! दोन पावसाळ्यांची ओल पिऊन आतल्या सिमेंटचा एकसंध धोंडा झाला होता. गोणीच्या सुरकुत्यांसकट, दोरीच्या गाठीसकट. मास्तरांनी नीरजाबाईंचे मुसळ घेतले. अकरा वाजता, म्हणजे आंघोळीच्या नियोजित वेळी, ते घामाने निथळत आणि सिमेंटने पांढुरके होऊन अंगणात उभे होते, आणि धोंड्याचा जेमतेम एक कोपरा फुटला होता.

"मुसळ गेलं का हो?" नीरजाबाईंनी आतून विचारले.

"अर्धे आहे!"

जी भुकटी निघाली ती चाळून, कालवून, संध्याकाळी मास्तरांनी तड्यावर थापली. आत काही जाईना, म्हणून वरून थापली. बोटांनी गुळगुळीत केली, आणि चार पावले मागे सरून पाहिले. सारे जोते काव लावलेले, तांबडे भडक. त्यावर तीन फूट लांब, वीतभर रुंद, करड्या रंगाचा एक पट्टा! आधी तडा शोधावा लागत होता. आता तो साद घालीत होता.

सोमवारी सकाळी पट्टा मधोमध फुगून सुटला होता, आणि त्या पट्ट्यालाही एक तडा गेला होता.

"पाण्याचे प्रमाण चुकले," मास्तर म्हणाले. "मापाशिवाय विज्ञान नाही!"

आता माप म्हणजे काय? शाळेच्या आवारात सरकारी पर्जन्यमापक होते, आणि त्याची देखभाल मास्तरांकडे होती. पावसाळ्यात रोज सकाळी आठाला ते त्यातले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतीत, आकडा वहीत लिहीत आणि महिनाअखेर वर पाठवीत. मास्तर आकाशाशी कागदोपत्री व्यवहार असलेले गृहस्थ आहेत, हा वाडीचा विश्वास त्या काचेवर उभा होता. सोमवारी शाळा सुटल्यावर मास्तरांनी तीच काच पंचात गुंडाळून काखोटीला मारली आणि मधल्या पाणंदीने घर गाठले. पाणंदीत बाबली भेटला. चाळीस हापूस कलमांचा मालक, आणि त्या चाळिसांची बापासारखी काळजी वाहणारा.

"मास्तरांनू, ह्या काय? पावसाचा माप घराक?"

"जरा काम आहे," मास्तर म्हणाले आणि चालू लागले.

मापाने कालवलेला दुसरा लेपही मंगळवारी पहाटे सुटला. पट्टा आता हातभर रुंद झाला होता! तेव्हा मास्तरांनी विज्ञानाचा नाद सोडला आणि माळ्यावरून झडी काढली. नारळाच्या झावळ्या विणून केलेला हा तट्टा. ज्येष्ठाच्या तोंडावर कोकणातली घरे तो भिंतींना बांधून घेतात आणि पावसाचे तडाखे त्याच्या अंगावर घेऊ देतात. माघात, निरभ्र निळ्या आकाशाखाली, आंब्याच्या मोहोराचा वास सुटलेला असताना, झडी बांधणे म्हणजे लग्नाच्या मांडवात अंत्ययात्रेची तयारी दिसण्यासारखे! पण लाजेला ऋतू नसतो. मास्तरांनी झडी कोपऱ्याला टेकवली आणि सुंभाने आवळली.

शेजारच्या खळ्यात आनंदीबाई कुळीथ वाळत घालीत होत्या. वाडीतली बातमी त्यांच्या खळ्यातून निघे आणि विहिरीवर पोचेपर्यंत तिला पाय फुटत.

"मास्तरांनू, झडी? आत्ता?"

मास्तर दचकले. दचकलेला माणूस गंभीर दिसतो. "खबरदारी घेतलेली बरी, आनंदीबाई."

"कसली खबरदारी?"

"ते आता सांगण्यासारखे नाही," मास्तर म्हणाले आणि घरात गेले.

यात एक अक्षरही खोटे नव्हते, हे मास्तरांनी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले.

आनंदीबाईंनी आधी मास्तरांच्या बंद दाराकडे पाहिले, मग आकाशाकडे. आकाश स्वच्छ होते. इतके स्वच्छ, की त्यांना त्याचा संशय आला. त्यांनी कुळीथ सुपात ओढले आणि विहीर गाठली. विहिरीवर बाबली तोंड धूत होता.

"काल माप घेवन घराक गेले," बाबली म्हणाला.

"आज झडी बांधल्यानी!" आनंदीबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाबलीच्या हातातली कळशी विहिरीत गेली!

दुपारपर्यंत सात घरांना झड्या लागल्या. बुधवारी मास्तर वर्गावर गेले तेव्हा निम्मी बाके रिकामी होती. "बाळा कुठे आहे?" "सर, झडी विणता." "सीता?" "सर, ती लाकडां भरता." खाडीतल्या होड्या वर ओढून माडांना बांधल्या गेल्या. गुरुवारचा दहीकाल्याचा खेळ पुढे ढकलला. दशावतारातला शंकासूर आपली लाल जीभ पिशवीत घालून परत गेला! कोणी तरी म्हणाले, रेडिओ काहीच सांगत नाही. "रेडिओक मिठबाव म्हायती तरी आसा काय?" आनंदीबाई कडाडल्या. "मास्तर आपलो. मास्तरान आपल्या हातान बांधल्यान!"

मास्तर घाबरले. बुधवारी दुपारी ते खळ्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आनंदीबाई, तुफान वगैरे काहीही येणार नाही! माझ्याकडे तशी कसलीही माहिती नाही!"

आनंदीबाईंचे डोळे भरून आले.

"बघलास गो?" त्या सुनेला म्हणाल्या. "लोकांनी घाबरा नये म्हणान असा सांगतत. केवढा मोठा मन! अगो, ती शिंक्यातली बरणी खाली घे आधी!"

"अहो, खरेच नाही!"

"मगे झडी कित्याक, मास्तरांनू?"

या प्रश्नाला जगात एकच उत्तर होते, आणि ते झडीच्या मागे होते. मास्तर परत फिरले. त्यांच्या त्या मुक्या पाठीकडे पाहून आनंदीबाईंनी घरातली दुसरी झडीही बाहेर काढली.

"सांगून टाका की हो," नीरजाबाई त्या संध्याकाळी म्हणाल्या.

"काय सांगू? रविवारी अप्पा यायचे आहेत!"

"रविवारी अप्पा येतील तेव्हा तुम्ही काय झडीपुढे उभे राहून काँक्रीट दाखवणार?"

हा मुद्दा मास्तरांनी खरोखरच विचारात घेतला नव्हता. ते विचारात पडले, आणि त्याच वेळी अंगणात खाकरल्याचा आवाज आला. दाजी! खांद्यावर सुंभाची नवी गुंडाळी, कमरेला कोयता.

"मास्तरांनू, झडी बघलंय तुमची रस्त्यावरसून," दाजी म्हणाले. "ही अशी बांधल्यार पयल्या वाऱ्याक उडतली. तुमका सवय नाय. मी बांधून दितंय."

"नको, नको! दाजी, तुम्ही कशाला... तुमचा हात..."

"हात सुंभ वळूक बरो आसा अजून."

मास्तर कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत दाजींनी वरची गाठ सोडली होती. झडी कलली. मास्तर जागच्या जागी उभे राहिले. दाजींनी पाहिले. सुटलेला पट्टा, त्यामागचा तडा, खाली पडलेल्या खपल्या. त्यांनी खाली बसून तड्यात करंगळीचे नख घालून पाहिले, जसा वैद्य नाडी पाहतो. मग ते उठले, झडी पूर्वीसारखी लावली, आणि एकेका गाठीवर दुसरी गाठ मारीत, ती इतकी घट्ट बांधली की आतून वाराही डोकावला नसता.

"हंयसर दोन गाठी जास्त घातलंय," ते म्हणाले. "सुटाची नाय."

आणि गेले. मास्तरांच्या हातात त्यांनी उरलेला सुंभ ठेवला होता. तो घेऊन मास्तर आत आले. बाहेरच्या कंत्राटदाराचे नाव सुचवणारे पत्र त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून अप्पांना दिले होते, आणि ते अक्षर आता त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागले.

शुक्रवारी संध्याकाळी गावदेवाच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे ठरले. संकट मोठे, सारा गाव जमला. बाजारपेठेतून अप्पाही आले. मास्तरांना मानाने पुढे बसवले, अगदी देवाच्या नजरेसमोर. मानकरी सत्यवानांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि त्यांचा तो घुमणारा आवाज लावला. गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकाने देवापुढे बोलायचे आणि दर वाक्याला सगळ्यांनी मिळून रुकार द्यायचा. वाक्य कोणते, याकडे लक्ष असते ते देवाचे. माणसांचे लक्ष एका सुरात ओरडण्याकडे असते.

"बा गावदेवा म्हाराजा, आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या मास्तरांच्या काचेत तुफान दिसला हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तां तुफान भायरच्या भायर दर्यात जिरव, नायतर शेजारच्या तालुक्यात धाड!"

"व्हय म्हाराजा!"

शेजारच्या तालुक्यातल्या निरपराध लोकांच्या विचाराने मास्तरांची मान खाली गेली.

"आणि ज्या मास्तरान आपली झोप मोडून आमका येळेर सावध केल्यान, तेका उदंड आयुष्य दी!"

"व्हय म्हाराजा!"

मास्तरांना त्या क्षणी उदंड आयुष्य अजिबात नको होते. तेवढ्यात बाबली सरकत सरकत त्यांच्याजवळ आला. चार दिवसांत त्याचे गाल बसले होते.

"मास्तरांनू," तो हळूच म्हणाला, "एकच सांगा. उद्या उजाडल्यार शिडी लावतंय. चाळीसय कलमांच्यो कैऱ्यो उतरून घेतंय. लोणच्याक तरी जातल्यो. वाऱ्यान खाली पडण्यापरास बरा, न्हय?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. कैऱ्या अजून सुपारीएवढ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ती चाळीस कलमे आली, ओरबाडलेली, हिरवीच राहून गेलेली. एक अख्खा वैशाख, पिकण्याआधीच पाटीत पडलेला. आणि हे सारे कशासाठी? एका हातभर पट्ट्यासाठी!

मास्तर उठले. सत्यवानांना वाटले, मास्तर तुफानाची तारीख सांगणार. ते अदबीने बाजूला झाले. मास्तरांनी हात जोडले. शाळेत, सभेत, कागदावर जी भाषा त्यांच्या मदतीला धावून येई, ती त्या घटकेला आली नाही. तोंडात आली ती आईची.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"तुफान बिफान काय येवचा नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ती झडी मी पावसासाठी बांधूकच नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"माज्या काँक्रीटाक तडो गेलो हा!"

"व्हय म्हाराजा!" आणि हे तर इतक्या जोरात, की देवळाच्या आढ्यावरचे पारवे उडाले.

"भराव बसूक व्हयो, असा दाजींनी सांगलेला. मी ऐकूक नाय. मगे माका लाज वाटली. म्हणान मी झडी आड लावलंय, आणि माज्या लाजेपायी तुमी सगळी चार दीस राबल्यात!"

"व्हय म्हा..."

आणि रुकार मध्येच तुटला. अर्धा देवळात लोंबकळत राहिला. त्या भयाण शांततेत, मागे खांबाला टेकून बसलेल्या ठार बहिऱ्या लवूआजोबांनी तो एकट्याने पुरा केला, "...राजाऽ!"

मास्तर हात जोडून उभे होते. ते सोडायचे कसे, हे त्यांना कळत नव्हते.

"म्हणजे," बाबली अखेर म्हणाला, "कैऱ्यो उतरवच्यो नाय?"

"नको रे बाबा! एकही नको!"

बाबली मटकन खाली बसला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला, की रडायला, ते नीट कळले नाही.

"आणि कसलो तडो?" अप्पांनी विचारले. "माका कोणी बोलूक नाय!"

"अप्पानू, तां आमका दिवाळेपासून ठाऊक आसा!" आनंदीबाई म्हणाल्या.

मास्तरांचे जोडलेले हात आपोआप सुटले. "दिवाळीपासून?"

"मगे काय! आमी रस्त्यान इलंव की तुमी धावत जावन त्या कोपऱ्याक पाठ लावन उभे रवतास. आमी गेलंव की तुमच्या धुतलेल्या सदऱ्याच्या पाठीक ही एवढी काव! आक्खी वाडी बघता, मास्तरांनू. पोरां शाळेत हसतत. म्हणान तर झडी तड्यासाठी आसात, ह्या कोणाच्या डोक्यात इला नाय. सगळ्यांका म्हायत असलेली गोष्ट कोण शाणो मनीस लपयता?"

भूगर्भात शिरावे असे त्यांना वाटले. पण तिथेही भराव नवाच असणार.

"मग मला कोणी बोलले का नाही?"

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. दाजी देवळाच्या पायरीच्या चिऱ्यावर अंगठा फिरवीत बसले होते.

"मीच सांगलेलंय," ते नाइलाजाने म्हणाले. "तडो मास्तरांचो. ते आपणहून बोलतले तेव्हा बोलतले. तोवर कोणी तोंड उघडूचा नाय."

"आणि दाजी," अप्पा पुढे झुकले, "शाळेचो पायो तुमच्या हातातसून जाय होतो. तां ठाऊक असान?"

"पायो गेलो तर दुसरो मिळात," दाजी म्हणाले. "मास्तराक ह्या वाडीत रवाचा आसा."

सत्तरीच्या गवंड्याला दुसरा पाया कोण देणार होते, हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मास्तरांनी दाजींकडे पाहण्याचा प्रयत्न केला, पण मान वर होईना.

"माझे ते पत्र फाडून टाका, अप्पा," ते एवढेच म्हणू शकले.

"फाडतंय कसलो! पाठकोरा आसा, तेच्यार हिशेब करीन," अप्पा म्हणाले. "दाजी, सोमवारी शाळेत येवा. पायाची दोरी मारूया."

मग गाव हसला. आधी आनंदीबाई, मग सत्यवान, मग देवळाबाहेरची पोरे. आणि कशाला हसतात हे ठाऊक नसलेले लवूआजोबा सर्वांत शेवटपर्यंत.

रविवारी सकाळी दाजी छिन्नी-हातोडा घेऊन आले. त्यांनी झडी सोडली, मास्तरांचा पट्टा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, आणि तड्यावर सरळ छिन्नी चालवायला सुरुवात केली. करंगळीच्या नखाएवढा तडा बघता बघता मनगटाएवढा झाला.

"दाजी! बुजवायचा ना?"

"आधी उघडूचो लागता, मास्तरांनू. तोंड उघडा केल्याबगर आत माल जायत कसो? तुमी नुसता वरसून पावडर लावल्यात." दाजींनी आतली भुकटी कुंच्याने झाडली, पाणी मारले. "तो घमेलो हाडा हंय."

मास्तरांनी घमेले आणले. रस्त्यावर गर्दी जमली होती. हायस्कूलचा विज्ञानशिक्षक डोक्यावर घमेले घेऊन चालतो, हे पाहायला आठवीचा वर्ग शंभर टक्के हजर होता! ताजे सिमेंट अप्पांनी दुकानातून पाठवले होते. दुपारपर्यंत दाजींच्या हलत्या हाताने, थापी मात्र तसूभरही न हलता, तडा तळापासून भरून आला.

"आता सात दीस पाणी मारूचा," दाजी थापी धूत म्हणाले. "सकाळ-सांज. तुमीच मारा. सुकलो तर परत फुटात."

सात दिवस! रस्त्याकडच्या त्याच कोपऱ्यात, शाळेच्या आणि बाजाराच्या ऐन वेळेला, हातात तांब्या घेऊन! पण मास्तरांनी एकही वेळ चुकवली नाही.

"मास्तरांनू, आज वारो खंयचो?" बाबली कलमांकडे जाताना विचारी.

"दक्षिणेचा, बाबली. निर्धास्त जा."

"पाणी मारतास? मगे मी कुळीथ वाळत घालू, की उचलू?" आनंदीबाई खळ्यातून ओरडत.

"घाला, आनंदीबाई, खुशाल घाला!"

मुले रांगेने जाताना गरजेपेक्षा दुप्पट वाकून 'नमस्ते सर' म्हणत, आणि वळण गाठताच फुटलेल्या पोत्यासारखी हसू सांडत. पहिल्या दिवशी मास्तरांचे कान तापले. तिसऱ्या दिवशी कमी तापले. पाचव्या दिवशी बाबलीला यायला उशीर झाला, तर मास्तरांनी तांब्यातले पाणी जरा पुरवून वापरले.

आठव्या दिवशी पाणी मारण्याचे कारण नव्हते. तरी मास्तर तांब्या भरून कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. आनंदीबाई सुनेशी बोलत घाईने निघून गेल्या. बाबली गेला, त्याच्या डोक्यावर शिडी होती आणि डोक्यात कलमे. मुले गेली, परीक्षेची उत्तरे एकमेकांना सांगत. कोणीच काही विचारले नाही. मास्तरांनी एकदा खाकरूनसुद्धा पाहिले!

"अहो, दाजींनी सातच दिवस सांगितले होते ना?" नीरजाबाई दारातून म्हणाल्या.

"माझ्या मोजण्यात चूक झाली असेल," मास्तर म्हणाले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले; आणि वळणाआड गेलेल्या बाबलीला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने म्हणाले!